मोबाइल अ‍ॅपच्या मदतीने मुलांना सकस आहाराची गोडी कशी लावावी?



छोटी सुट्टी झाली की शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर काय विकलं जातं ते आपण रोज बघतो. पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, रंगीत गोळ्या, प्लास्टिकच्या नळीतला गोड बर्फ. संध्याकाळी तीच मुलं घरी मोबाइल घेऊन बसतात आणि जेवताना ताटात काय वाढलंय याकडे त्यांचं लक्षही नसतं. पालकसभेत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बाई, याच्या हातातला मोबाइल सुटत नाही आणि भाजी घशाखाली उतरत नाही. काय करायचं?"

आजच्या लेखात या दोन तक्रारी एकत्र ठेवून बघू. जो मोबाइल सुटत नाही, त्याचाच उपयोग भाजी घशाखाली उतरवायला करता येईल का? उत्तर 'हो' असं आहे, पण तीन अटींवर. मोबाइल शिक्षकाच्या किंवा पालकाच्या हातात राहिला पाहिजे. नोंद ताटाची व्हावी, मुलाच्या वजनाची नको. आणि मोबाइलचं काम दोन-पाच मिनिटांत संपून पुढचं काम मुलांच्या जिभेने, हाताने आणि डोक्याने झालं पाहिजे. या अटी का घालायच्या, ते पुढे सविस्तर पाहू.

आधी आपली मुले समजून घेऊ

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभर 'व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण' केले. त्यात ५ ते ९ वयोगटातील शंभरातील सुमारे २४ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयात वजन जास्त असलेली मुले शंभरात सुमारे ४ होती. म्हणजे आपल्या वर्गात एकाच बाकावर रक्त कमी असलेलं मूल आणि वजन वाढलेलं मूल शेजारी-शेजारी बसलेलं असू शकतं. गंमत अशी की दोघांच्याही खिशात तेच पाच रुपयांचं पाकीट असतं.

हे लक्षात ठेवणं फार महत्त्वाचं आहे. कारण प्ले स्टोअरवर आहाराची जी अ‍ॅप्स मिळतात, त्यातली बहुतेक मोठ्या माणसांचं वजन कमी करण्यासाठी बनवलेली असतात. 'कमी खा' हा त्यांचा सूर असतो. आपल्या मुलांना सांगायचं आहे ते 'चांगलं खा, वेगवेगळं खा आणि पोटभर खा'. तेव्हा कुठलंही अ‍ॅप वर्गात आणण्यापूर्वी ते नेमकं कोणासाठी बनवलंय हे पाहावं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. 'असर २०२४' या ग्रामीण भागातील पाहणीनुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी सुमारे ५७ टक्के जणांनी फोनचा अभ्यासासाठी काही ना काही उपयोग केला होता, आणि सोशल मीडियासाठी केलेल्यांचं प्रमाण सुमारे ७६ टक्के होतं. आपल्या प्राथमिकच्या मुलांची हीच मोठी भावंडं. फोन कशासाठी वापरायचा याची सवय चौथी-पाचवीतच लागते, म्हणून त्याचं वळण लावायची वेळही हीच आहे.

अ‍ॅप काय करू शकतं?

आहाराच्या बाबतीत अ‍ॅपची कामं साधारण तीन.

१. न दिसणारी गोष्ट दाखवणे. पाकिटातली साखर आणि मीठ डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य विभागाने 'शुगर स्मार्ट' नावाचं अ‍ॅप आणलं. पाकिटावरच्या बारकोडसमोर फोन धरला की त्या पदार्थात साखरेचे किती चौकोनी तुकडे आहेत ते पडद्यावर दिसायचं. एक तुकडा ४ ग्रॅमचा. ७ ते १० वर्षांच्या मुलाने वरून घातलेली साखर दिवसाला २४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ६ तुकड्यांपेक्षा जास्त खाऊ नये, असं तिथलं प्रमाण आहे. 'ग्रॅम' म्हटलं की मुलाला काही कळत नाही, पण सहा तुकडे लगेच कळतात. या अ‍ॅपकडून आपण एवढंच शिकायचं : आकड्याची वस्तू करून दाखवायची.

२. रोजची नोंद ठेवणे. सवय लागते आहे की नाही हे एका दिवसात कळत नाही. महिनाभराची नोंद एका आलेखात दिसली की मुलांना स्वतःलाच बदल दिसतो.

३. खेळ आणि गोष्ट. अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी प्राथमिक शाळांमध्ये 'फिट गेम' नावाचा प्रयोग केला. त्यात एक साहसकथा होती. पूर्ण शाळेने मिळून फळे किंवा भाज्या नेहमीपेक्षा थोड्या जास्त खाल्ल्या, की कथेचा पुढचा भाग मुलांना ऐकायला मिळायचा. भाज्यांचं खाणं वाढलं. लक्षात घ्या, ध्येय एका मुलाचं नव्हतं, सगळ्यांचं मिळून होतं. आणि मुलांच्या हातात मोबाइल नव्हता, गोष्ट शिक्षकच वाचून दाखवत होते. वेल्समधील बँगॉर विद्यापीठात तयार झालेला 'फूड ड्यूड्स' हा कार्यक्रमही असाच. आवडीने भाजी-फळं खाणारे थोडे मोठे नायक असलेल्या छोट्या चित्रफिती, चव घेणाऱ्याला लहानसं बक्षीस, आणि तीच भाजी पुन:पुन्हा चाखायला देणं.

हा शेवटचा मुद्दा कुठलंही अ‍ॅप करू शकत नाही. नवीन भाजी पहिल्या घासाला मुलाला आवडेलच असं नाही. कधी कधी आठ-दहा वेळा चव घेतल्यावर ती ओळखीची होते. पडद्यावर कारल्याचं कितीही गोड चित्र दाखवलं तरी कारलं जिभेवर यावंच लागतं. अ‍ॅप मुलाला ताटापर्यंत आणून सोडतं, पुढचं काम आपलं.

आपल्याला काय वापरता येईल?

न्यूट्रिफाय इंडिया नाऊ : हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचं हे अ‍ॅप २०१९ मध्ये आलं. परदेशी अ‍ॅपमध्ये भाकरी, उसळ, पिठलं शोधत बसावं लागतं. हे अ‍ॅप भारतीय पदार्थ धरूनच बनवलं आहे. याच संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांमधील पोषक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. माझा सल्ला असा की हे अ‍ॅप शिक्षकाने तयारीसाठी वापरावं. नाचणीत कॅल्शियम किती, मटकीत प्रथिने किती, हे पाठाच्या आधी पाहून घ्यावं. मुलांची नावं आणि वजनं त्यात भरू नयेत.

ओपन फूड फॅक्ट्स : २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा मुक्त माहितीसाठा आहे. बारकोड स्कॅन केला की पदार्थातले घटक, साखर, मीठ, चरबी दिसते. माहिती जगभरातले स्वयंसेवक भरतात, त्यामुळे आपल्याकडची अनेक पाकिटं त्यात सापडत नाहीत किंवा माहिती अर्धवट असते. अशा वेळी पाकिटावर छापलेलं खरं मानायचं. मुलांना हेही सांगावं की स्क्रीनवर आलं म्हणजे बरोबरच असतं असं नाही, ताडून पाहायचं. जाता जाता एक माहिती : बारकोडची सुरुवात ८९० ने झाली की तो क्रमांक भारतात नोंदवलेला आहे. मुलांना हे शोधायला फार आवडतं.

दीक्षा : पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला आपल्याला सांगायला नको. चौथीच्या परिसर अभ्यासात अन्न आणि आहाराचे पाठ आहेतच. त्यांच्यासोबतचं साहित्य मोठ्या पडद्यावर किंवा फोनवर दाखवावं.

गूगल शीट आणि गूगल फॉर्म : माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाचं अ‍ॅप हेच. फुकट आहे, मराठीत लिहिता येतं, मध्येच जाहिरात येत नाही, आणि काय विचारायचं ते आपण ठरवतो. ऑनलाइन चाचण्यांमुळे बहुतेक शिक्षकांच्या हाताला त्याची सवय आहेच.

सावधान : या गोष्टी टाळा

अमेरिकेत २०१९ मध्ये वजन कमी करण्याच्या क्षेत्रातील एका मोठ्या कंपनीने ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी 'कुर्बो' नावाचं अ‍ॅप आणलं. मुलांनी खाल्लेल्या पदार्थांना त्यात हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळत आणि वजनाचीही नोंद होई. वाढत्या वयाच्या मुलांना वजनाची धास्ती लावणं धोक्याचं आहे, अशी टीका लगेच सुरू झाली. पुढे पालकांच्या परवानगीशिवाय १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा केल्याचा आरोप ठेवला गेला आणि २०२२ मध्ये १५ लाख डॉलर दंड भरण्याची तडजोड झाली. गोळा केलेली माहितीही पुसून टाकावी लागली.

यातून आपण दोन धडे घेऊ. पहिला, मुलांची माहिती ही गंभीर गोष्ट आहे. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलं आहे. बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवण्याला कायद्याने मनाई केली आहे. म्हणून मुलाचं नाव, फोटो, जन्मतारीख, वजन कुठल्याही अ‍ॅपमध्ये भरायचं नाही. फोटो काढायचाच तर ताटाचा काढा, चेहऱ्याचा नको.

दुसरा धडा माझ्या दृष्टीने अधिक मोठा. आपल्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुलं असतात, गावात आजीजवळ राहतात. आजी डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देते. एखादं अ‍ॅप शेंगदाण्यातली चरबी पाहून त्या डब्याला लाल रंग देईल. वास्तविक भाकरी-शेंगदाणा हे कसदार खाणं आहे. भाजीची आणि एखाद्या फळाची भर हवी, इतकंच. पण चारचौघांत ज्याच्या डब्याला लाल दिवा लागला, ते मूल उद्यापासून डबा झाकून खाईल किंवा आणणारच नाही. जे मूल आपल्याला सगळ्यात जास्त जपायचं आहे, तेच अशाने आपल्यापासून लांब जातं. म्हणून मुलांची क्रमवारी लावणारं, 'आजचा उत्तम डबा' निवडणारं, लाल-हिरवे शेरे मारणारं काहीही वर्गात नको.

अ‍ॅप निवडताना हे प्रश्न स्वतःला विचारा :

• मुलाचं नाव, वजन किंवा फोटो मागतं का? मागत असेल तर सोडून द्या.
• मधे मधे जाहिराती येतात का? आरोग्याच्या फुकट खेळात चिप्सची जाहिरात आली तर सगळंच मुसळ केरात.
• आपले पदार्थ त्यात आहेत का? ज्वारी, नाचणी, शेवगा, हरभऱ्याचा पाला, अंबाडी?
• नेट नसताना चालतं का?
• मुलाला 'वाईट' म्हणतं, की पुढे काय खाता येईल ते सुचवतं?
• त्याचं काम पाच मिनिटांत संपतं का?

चार आठवड्यांचा वर्गउपक्रम

एकच फोन, तोही शिक्षकाचा, एवढ्यावर हा उपक्रम होतो. तिसरी ते पाचवीसाठी योग्य.

पहिला आठवडा : फक्त मोजणी

आपल्या शाळांत प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेतून, म्हणजे आपल्या ओळखीच्या शालेय पोषण आहारातून, दुपारचं जेवण मिळतं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. पण ती भाजी पोटात गेली तर! खिचडीतला वाटाणा-गाजर बाजूला काढून ठेवण्यात आपली मुलं किती पटाईत असतात ते सांगायला नको.

तीन रिकामे डबे घ्या. झाकणाला फट पाडा. डब्यांवर लिहा : 'भाजी संपवली', 'थोडी खाल्ली', 'राहिली'. जेवण झाल्यावर प्रत्येक मुलाने एक चिंचोका आपल्याला लागू असलेल्या डब्यात टाकायचा. कोणी कुठे टाकला ते कोणी बघायचं नाही. दोन मुलांनी मोजायचं, तिसऱ्याने आकडे सांगायचे, आपण फोनवरच्या शीटमध्ये भरायचे. दोन मिनिटांचं काम. या आठवड्यात उपदेश एक अक्षरही करायचा नाही. शनिवारी शीटमधून स्तंभालेख काढून दाखवा आणि तोच मुलांकडून वहीत काढून घ्या. गणिताचा तास आपोआप झाला.

चिंचोके कशाला, थेट फॉर्म का नको, असं कोणी विचारेल. नाव नसलेल्या चिंचोक्याला मूल खरं उत्तर देतं. हात वर करायला लावला की सगळेच हात वर जातात, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे.

दुसरा आठवडा : पाकीट वाचू या

मुलांना पाकिटं आणायला सांगू नका, नाहीतर त्या निमित्ताने विकत घेतली जातील. परिसर स्वच्छतेत जमा झालेली रिकामी पाकिटं पुसून घ्या. आपल्या फोनवर बारकोड स्कॅन करा आणि अ‍ॅपमधली माहिती पाकिटाच्या मागच्या तक्त्याशी ताडून पाहा. मुलांना तीन गोष्टी शिकवा.

एक, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त. बिस्किटाच्या पुड्यावर पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं किंवा तिसरं साखरेचं निघालं की मुलं आपणहून बोलू लागतात.

दोन, साखरेचे चमचे काढणं. समजा, एका गोड पेयात १०० मिलीलीटरला १० ग्रॅम साखर आहे आणि बाटली २५० मिलीलीटरची आहे. म्हणजे साखर झाली २५ ग्रॅम. ४ ग्रॅमचा एक चमचा धरला तर सहा चमचे, वर थोडी उरतेच. आता खरीखुरी साखर चमच्याने मोजून पारदर्शक पिशवीत भरा आणि बाटलीशेजारी फळ्यावर टांगा. 'आई चहात एवढी घालत नाही!' असा आवाज वर्गातून येतोच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर अधिक चांगलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ८५ किलोकॅलरी, आणि साखरेच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, पाच चमचे. एका बाटलीने दिवसाचा हिशेब ओलांडला. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं आहे. आपली मुलं स्वतः केलेला फलक लावतील, तो जास्त बोलका होईल.

तीन, मिठाचा हिशेब. पाकिटावर 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलीग्रॅम सोडियम असेल तर मीठ झालं २ ग्रॅम. पाचवीच्या मुलांना दशांशाचा हा चांगला सराव आहे.

तिसरा आठवडा : जिभेची परीक्षा

आता फोन बाजूला. आपल्या स्वयंपाकी-मदतनीस ताईंना विश्वासात घ्या, त्यांच्याशिवाय हा आठवडा होणार नाही. रोज एका पदार्थाची चमचाभर चव : शेवग्याच्या पाल्याची भाजी, नाचणीचं आंबील, मोड आलेली मटकी, परसबागेतला मुळा किंवा पालक. सक्ती अजिबात नको. कोणाला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून घ्या. चव घेऊन झाल्यावर मुलांनी तीनपैकी एका चेहऱ्यावर टिकली लावायची : 'आवडलं', 'ठीक', 'अजून नाही'. 'आवडलं नाही' असा पर्याय ठेवू नका. 'अजून नाही' म्हटलं की पुढच्या वेळेला दार उघडं राहतं. दोन दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा द्या आणि दोन्ही वेळचे आकडे शीटमध्ये शेजारी-शेजारी मांडा.

चव घेता घेता थोडी माहिती द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम. अर्थात भाकरीत किंवा आंबिलात आपण १०० ग्रॅम नाचणी एका वेळी खात नाही, आणि दूध मात्र पेलाभर पितो, हेही सांगा. उसळीवर लिंबू का पिळायचं? लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात चांगलं शोषलं जातं. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी शोषलं जातं. शाळेतल्या लोहाच्या गोळीचं महत्त्वही याच वेळी सांगून होतं.

चौथा आठवडा : सगळ्यांचं मिळून एक ध्येय

पहिल्या आठवड्याचा आलेख काढा. समजा, ३० मुलांच्या वर्गात 'भाजी संपवली' डब्यात रोज सरासरी १४ चिंचोके पडत होते. या आठवड्याचं ध्येय ठेवा १६. एकदम ३० नको, जमणार नाही आणि हिरमोड होईल. ज्या दिवशी ध्येय पूर्ण, त्या दिवशी शेवटच्या तासाला गोष्टीचा पुढचा भाग. गोष्ट मुलांनीच रचायची. भोपळ्याचा किल्ला, शेवग्याच्या शेंगेची तलवार, पाकिटातून निघणारा खारट राक्षस, काय वाट्टेल ते. एक भाग लिहिला की तो मुलांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. बक्षीस म्हणून चॉकलेट नको, खेळाचा जादा तास द्या. ध्येय चुकलं त्या दिवशी कोणालाही दोष द्यायचा नाही, 'उद्या बघू' म्हणायचं.

महिना संपल्यावर उपक्रम विसरून जाऊ नका. दर दोन महिन्यांनी एक आठवडा चिंचोक्यांचे डबे पुन्हा बाहेर काढा. उत्साहाच्या भरात आलेली सवय टिकली का, ते तेव्हाच कळतं.

पालकांनी काय करायचं?

घरी तीन गोष्टी पुरेत. जेवताना कोणाच्याच हातात मोबाइल नको, बाबांच्याही नाही. पडद्याकडे बघत खाल्लं की पोट भरल्याचं लक्षात येत नाही आणि चवही कळत नाही. दुसरं, दुकानात गेल्यावर मुलाला पाकिटाची मागची बाजू वाचू द्या, फोनने स्कॅन करू द्या, आणि त्याने ठरवलं तर पाकीट परत ठेवू द्या. तिसरं, आठवड्यातून एकदा भाजी निवडायचं काम मुलाला द्या. बाजारातही आणि घरात शेंगा सोलायलाही.

शिक्षकांनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'अमुकचा मुलगा भाजी खात नाही' असं कधीही लिहू नये. शनिवारी एक छोटा संदेश पुरतो : "या आठवड्यात आपल्या वर्गाने मोड आलेली मटकी चाखली. घरी केलीत तर मुलांना मोड आणायला सांगा. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी मोड मोजायचे." ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्या मुलांच्या वहीत हाच निरोप लिहून द्या, म्हणजे कोणी मागे राहणार नाही.

टपरीचं काय?

मुलांना कितीही शिकवलं आणि फाटकाबाहेर तेच पाकीट टांगलेलं असलं, तर सगळा भार त्या लहान जिवाच्या संयमावर पडतो. हे बरोबर नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. टपरीवाले काकाही आपल्याच गावचे असतात, त्यांचंही पोट त्यावर आहे. उकडलेल्या शेंगा, चिक्की, फुटाणे, पेरू, बोरं, कापलेली काकडी विकायला सुचवून पाहा. चिक्कीतही गूळ आहे, तेव्हा तिचेही चमचे मुलांनी मोजलेले बरे! त्या दिवशी मुलांनी केलेला साखरेचा फलक बैठकीत भिंतीवर लावा. आपल्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

शेवटी एवढंच सांगेन. अ‍ॅपने भाजी स्वस्त होत नाही, आईचा शेतातला दिवस लहान होत नाही आणि कोणाच्या घरचा रिकामा डबा भरत नाही. ते काम शासनाने, शाळेने आणि गावाने मिळून करायचं आहे. पण पाच रुपये हातात असताना 'हे घेऊ की ते घेऊ' असा विचार करणारं मूल आपण वर्गात घडवू शकतो. त्यासाठी लागतो एक फोन, तीन डबे आणि मूठभर चिंचोके. पुढच्या सोमवारी जेवणाची घंटा झाली की सुरुवात करून बघा. पहिल्या आठवड्याचे आकडे कमी आले तरी हरकत नाही, ते खरे असले की झालं.